जुन्या मालाचा दोष कोणाच्या माथी?

जुनी वस्तू विकत घेणाऱ्याने ती घरी नेल्यावर तक्रारीचा शब्दही काढू नये, कारण ती जुनी आहे हे ठाऊक असूनच त्याने ती घेतली, नव्यापेक्षा कमी दाम मोजले आणि घेण्यापूर्वी ती हाताळून पाहण्याची त्याला पुरेशी मुभा होती, असे एक मत आपल्याकडे इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, त्याला हरकत घेणारा मनुष्य एक तर व्यवहारशून्य असावा किंवा जुन्याच्या दामात नव्याची हमी उकळू पाहणारा लबाड असावा, अशी ऐकणाऱ्याची समजूत व्हावी. वाहनांचे दलाल हे मत बोलून दाखवतात, जुन्या मालाचे दुकानदार ते पाटीवर लिहून ठेवतात, आणि आश्चर्य असे की, फसलेल्या ग्राहकाचे सांत्वन करायला आलेले शेजारीही त्याला हेच ऐकवून जातात. ज्या मताचा लाभ विक्रेत्याला होतो ते त्याने उच्चारावे यात नवल नाही. ज्यांना उद्या त्याच मताची झळ बसणार आहे त्यांनीही ते व्यवहारज्ञान म्हणून शिरोधार्य मानावे, हे मात्र चिंत्य आहे, आणि म्हणूनच त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे अवश्य वाटते.

त्यातील सत्यांश प्रथम मान्य करू. जुनेपणा हा दोष नव्हे. तो त्या वस्तूचा धर्मच आहे. आठ वर्षे रस्त्यावर धावलेल्या मोटारीचे टायर झिजलेले असावेत, दहा उन्हाळे काढलेल्या फ्रिजने वीज अधिक खावी, दुसऱ्याच्या हातात तीन वर्षे राहिलेल्या मोबाइलच्या बॅटरीने दुपारीच मान टाकावी, यांविषयी गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्याने वाटेला लावले, तर त्यात अन्याय झाला असे कोणीही म्हणणार नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९६५ साली एका जुन्या जॅग्वार मोटारीचा कज्जा आला होता. क्लचमध्ये काही बिघाड असल्याचे विक्रेत्याने आधीच सांगितले होते, दुरुस्त करून घेतल्यास अधिक किंमत आणि तशीच नेल्यास कमी किंमत असा पर्याय दिला होता, ग्राहकाने कमी किमतीचा पर्याय स्वीकारला होता, आणि पुढे दुरुस्तीचा खर्च अपेक्षेहून बराच वाढला तेव्हा न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार धरण्यास नकार दिला. हा निकाल विक्रेत्याच्या बाजूचा आहे खरा. परंतु तो त्याला मिळाला याचे कारण मोटार जुनी होती एवढेच नाही, तर तिचा दोष त्याने सांगितला होता, हेही आहे. सांगितलेल्या दोषाचा भार घेणाऱ्यावर, हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. न सांगितलेल्या दोषाचा भारही त्याच्याच माथी मारणे, येथे आमचा विरोध सुरू होतो.

किंमत कमी होती, म्हणजे दोष तिच्यात जमेस धरलेलाच होता, हा या पक्षाचा पहिला युक्तिवाद. वस्तुतः किमतीत तेवढेच उतरते जेवढे घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनाही ठाऊक असते. समजा, एखाद्या बनावटीच्या सहा वर्षे जुन्या स्कूटरला बाजारात साधारण ४०,००० रुपये येतात, आणि आपल्या स्कूटरचे इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर नाही, त्याला १५,००० रुपये लागतील, हे मालकाला कारागिराने सांगितलेले आहे. त्याने ती २५,००० रुपयांना दिली असती, तर दोष किमतीत उतरला हे म्हणणे शोभले असते. तो मागतो मात्र पुरते ४०,०००, म्हणजे सुस्थितीतील जुन्या स्कूटरची किंमत, आणि पितळ उघडे पडल्यावर सांगतो की, नवी घेतली असती तर याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागले असते. नव्या आणि जुन्या किमतींमधील अंतर हा झिजेचा मोबदला होय. दोषाचा मोबदला त्याखेरीज द्यावा लागतो, आणि तो न देताच दिल्याचा आव आणणे म्हणजे एकाच पावतीवर दोन कर्जे फेडल्याचे दाखवणे आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे: घेणाऱ्याला डोळे होते, त्याने पाहून घ्यायला हवे होते. येथे कोणता दोष डोळ्यांना दिसतो आणि कोणता दिसत नाही, हा भेद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. गुरांच्या बाजारात तो फार स्पष्ट होतो. बैल आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला आहे, हे घेणाऱ्याने त्याचे तोंड उघडून पाहावे, आणि न पाहिल्यास बोल स्वतःला लावावा. परंतु तोच बैल औताला जुंपला की बसकण मारतो ही खोड, कासरा हेड्याच्या हातात असताना आणि बैल बाजाराच्या मैदानात शांत उभा असताना, कोणत्या डोळ्यांनी दिसावी? कास भरदार दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळची धार न काढताच म्हैस बाजारात उभी केलेली असते, आणि तिचा एक सड बंद आहे हे घेणाऱ्याला आपल्या गोठ्यात धारेला बसल्यावरच समजते. यंत्रांचीही हीच गत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत, किंवा २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगली-कोल्हापुराकडे, ज्या मोटारी पाण्याखाली गेल्या, त्यांतील एखादीची आसने वाळवता येतात, तेल बदलता येते, अंतर्भाग सुगंधित करता येतो. परंतु तारांच्या जोडण्यांत शिरलेला ओलावा आपले काम कित्येक महिने गुपचूप करीत राहतो, आणि खरेदीच्या दिवशी ती मोटार कितीही निगुतीने पारखली तरी पुढील पावसाळ्यात तिचे दिवे अचानक का मालवतील, हे पारखणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. तो मार्ग एकाच माणसाजवळ असतो, आणि तो म्हणजे ती मोटार पाण्यातून ओढून काढणारा तिचा मालक.

आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रकारांनी हा भेद ओळखलेला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत मालाच्या परीक्षेसाठी वेगवेगळ्या मुदती दिल्या आहेत: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. कौटिल्याने चतुष्पाद परत करण्यास तीन पक्षांचा अवधी ठेवला, आणि रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला दंड सांगितला. त्याच नियमांत दासदासींनाही बसवणारी ती समाजव्यवस्था आज कोणी आदर्श मानणार नाही, आणि दोन्ही ग्रंथांतील मुदतीही परस्परांशी जुळत नाहीत. तत्त्व मात्र एकच आहे, ते असे की, ज्या मालाचा गुणदोष प्रकट व्हायला जितका काळ लागतो, तितका काळ घेणाऱ्याचा हक्क जिवंत राहिला पाहिजे. लोखंडाची खोट घणाखाली तत्काळ कळते, म्हणून एक दिवस. बी मातीत पडून उगवायला हवे, म्हणून दहा. पाहून घ्यायला हवे होते असे म्हणणाऱ्यांनी, पाहायला किती वेळ दिला होता, हे आधी सांगावे.

प्रतिपक्षाला याच परंपरेतील एक वचन अनुकूल आहे, आणि ते दडवणे आम्हाला शोभणार नाही. वापरलेले, मळलेले वस्त्र सदोष असले तरी एकदा घेतल्यावर विक्रेत्याकडे परत जाऊ शकत नाही, असे नारदस्मृतीत सांगितले आहे. जुन्या मालाला तक्रार नाही, याला यापेक्षा प्राचीन आधार तो कोणता हवा? परंतु नियमाचा विषय पाहावा. वापरलेले वस्त्र उलगडले की त्याचा मळ, त्याचे विरलेपण, त्याचा फाटका काठ यांतील काहीही लपून राहत नाही. येथे दोष आणि दर्शन एकाच क्षणी घडतात, म्हणून परतीला जागा नाही. आणि तीच स्मृती, निर्दोष माल दाखवून सदोष माल हाती देणाऱ्याकडून किमतीच्या दुप्पट रक्कम वसूल करून वर दंडही करावा, असे सांगते. दिसणाऱ्या दोषाबद्दल घेणाऱ्याला आणि फसवणुकीबद्दल देणाऱ्याला जबाबदार धरणारा हा शास्त्रकार प्रतिपक्षाचा साक्षीदार म्हणून फार काळ टिकेल असे दिसत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण ‘कायदा आमच्या बाजूचा आहे’ हे पालुपद या वादात नेहमी ऐकू येते. ते सर्वस्वी खोटे नाही. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात, कलम १७ खाली, एक दृष्टांत आहे: एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला तो काहीच सांगत नाही, ही फसवणूक ठरत नाही. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, हा त्याचा इत्यर्थ. पण त्याच कलमाखालील पुढचे दोन दृष्टांत प्रतिपक्ष वाचत नाही. घेणारी व्यक्ती विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी समजेन’, तर त्यानंतरचे विक्रेत्याचे मौन बोलण्याइतकेच बंधनकारक होते. शिवाय ज्ञात वस्तुस्थिती प्रयत्नपूर्वक झाकणे, म्हणजे तडा गेलेल्या भागावर रंग चढवणे, धावलेल्या किलोमीटरांचा आकडा मागे फिरवणे, इंजिनाचा आवाज दबावा म्हणून जाड तेल ओतणे, हे त्या कलमाप्रमाणे उघड कपट आहे. म्हणजे कायद्याने विक्रेत्याला दिलेली सवलत निव्वळ गप्प बसण्यापुरती आहे, आणि तीही सर्वांपुढे गप्प बसण्याची नाही.

यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आला, आणि त्याच्या कलम ५५ ने स्थावर मालमत्तेच्या विक्रेत्यावर अगदी उलट बंधन घातले: मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडण्याजोगा नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे, न सांगणे हे कपट मानले जाईल. या दोन नियमांना शेजारी शेजारी ठेवून आम्ही प्रतिपक्षाला विचारतो: कोटभर रुपयांची सदनिका घेणारा, जो वकील नेमू शकतो, दप्तरातील नोंदींचा शोध घेऊ शकतो, अभियंत्याकडून भिंती तपासून घेऊ शकतो, त्याला गुप्त दोष सांगितला पाहिजे, आणि कामावर वेळेत पोहोचता यावे म्हणून उसनवारी करून जुनी स्कूटर घेणारा, ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यापुढे मात्र मौन पाळले तरी चालेल, या व्यवस्थेचे नैतिक समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल? स्थावर आणि जंगम हा भेद नोंदणीच्या सोयीसाठी ठीक आहे. प्रामाणिकपणाची मात्रा त्यावरून ठरवण्याचे कारण दिसत नाही.

व्यापाऱ्याच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेलेला आहेच. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट करारात न लिहिताही गृहीत असते; घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर ज्या दोषांचा उलगडा त्या तपासणीत व्हायला हवा होता तेवढेच वगळले जातात. त्या कलमाचा लाभ नव्या मालापुरता राखून ठेवलेला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यानेही दोषाची व्याख्या करताना, व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्याशी माल उणा पडणे, याचा समावेश केला आहे. ‘एका हातची, अपघात न झालेली गाडी’ असे तोंडभर सांगणाऱ्या दुकानदाराला, ते जुन्या मालाविषयी बोललो होतो, असे म्हणून सुटता येऊ नये.

यावर ‘जशी आहे तशी’ हे ब्रह्मास्त्र काढण्यात येते. पावतीवर हे शब्द होते, ग्राहकाने खाली सही केली, आता त्याची कैफियत कोण ऐकणार? १८७८ मध्ये इंग्लंडच्या उमरावांच्या सभेने असा एक खटला निकालात काढला होता: न्यूबरीच्या बाजारात एकाने रोगग्रस्त डुकरे ‘सर्व दोषांसह’ विकली, ती मेली, आणि तरीही घेणाऱ्याला भरपाई मिळाली नाही. त्या निकालाचे गुणगान करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, अशा अटीचा न्याय्य अर्थ अज्ञात संकटांची वाटणी करणे हा आहे. म्हणजे पुढे काय निघेल हे दोघांनाही सांगता येत नाही, तेव्हा ते संकट घेणाऱ्याने पत्करले. विक्रेत्याला जे आज पक्के ठाऊक आहे ते पुढे निघणारे संकट नव्हे. ती घडून गेलेली गोष्ट आहे, आणि तिच्यावर पांघरूण म्हणून ही अट वापरणे हा त्या अटीचाच दुरुपयोग होय. ज्या अमेरिकेत खुल्या बाजाराचा एवढा अभिमान बाळगला जातो, तेथेसुद्धा जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याला, गाडी हमीसह आहे की हमीविना, हे छापील पत्रकावर नमूद करून ते गाडीवरच लावावे लागते, असा नियम १९८० च्या दशकापासून लागू आहे.

आता खासगी विक्रेत्याचा प्रश्न. घरातील जुना फ्रिज एकदाच विकणाऱ्या गृहस्थाला दुकानदाराच्या मापाने मोजणे योग्य होणार नाही, हे आम्ही मानतो. दुकानदार त्या मालावर पोट भरतो, म्हणून जे त्याला कळायला हवे होते त्याचीही जबाबदारी त्याची. गृहस्थाची जबाबदारी त्याला प्रत्यक्ष जे ठाऊक आहे तेवढ्यापुरती. त्याने यंत्र उघडून पाहावे अशी आमची मागणी नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही’ हे उत्तर खरे असेल तर ते पूर्ण प्रामाणिक उत्तर आहे. परंतु कारागीर दोनदा येऊन गेला, दुरुस्ती परवडणार नाही असे त्याने सांगितले, आणि त्यानंतरच विक्रीची जाहिरात दिली गेली, अशा वेळी ‘मी काही व्यापारी नाही’ हे म्हणणे गैरलागू ठरते. येथे प्रश्न धंद्याचा नसून माहितीचा आहे.

असे बंधन घातल्यास जुन्या मालाचा बाजारच ओस पडेल, ही अखेरची भीती. अर्थशास्त्राचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून असे दाखवले की, चांगल्या आणि वाईट मालातील भेद जेव्हा फक्त विकणाऱ्यालाच कळतो, तेव्हा घेणारा प्रत्येक मालाला सरासरीचीच किंमत देऊ करतो; ती चांगल्या मालाच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो; त्यामुळे सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते, आणि शेवटी बाजारात उरते ते रद्दड. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटेकरी ठरलेल्या या विवेचनाचा आमच्या वादापुरता निष्कर्ष एवढाच की, बाजार ओस पाडतो तो दोष लपवणारा, आणि त्याचा पहिला बळी ग्राहकाच्याही आधी प्रामाणिक विक्रेता असतो, कारण त्याच्या खऱ्या शब्दाला दाम येत नाही.

या साऱ्यातून ग्राहकाला मोकळे रान मिळावे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. जे दिसते ते पाहणे, जमल्यास जाणता माणूस बरोबर नेणे, आणि मुख्य म्हणजे विचारणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. घोड्याच्या तिसऱ्या दृष्टांतातील ग्राहकाने एका प्रश्नाने मौनाला वाचा फोडली, हे विसरून, नंतर गळा काढणाऱ्याची कीव येत असली तरी त्याची बाजू दुबळी होते. मालाचे मूळ बिल, वाहन असल्यास नोंदणीचा दाखला आणि त्यावरील बँकेचा बोजा पाहिल्यावाचून पैसे मोजणारा, चोरीचा माल पोलिसांनी जप्त केल्यावर विक्रेत्याच्या शोधात हिंडतो, तेव्हा त्याच्या दुर्दशेत त्याचाही वाटा असतो. दोष आढळल्याबरोबर कळवायचे नाही, वस्तू आणखी चार महिने राबवायची आणि मग पूर्ण रक्कम परत मागायची, हेही न्यायाचे नाही. वाजवी मुदतीत माल नाकारल्याचे न कळवल्यास तो स्वीकारला असेच कायदा मानतो, आणि मग परतीऐवजी नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागते. विक्रेत्याच्या हिताचीही एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. वाहनाचे हस्तांतरण नोंदवून न घेता ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा मालक अपघाताच्या भरपाईतून सुटत नाही, कारण ज्याच्या नावे नोंदणी तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा कागद पुरे करण्यात दोघांचाही स्वार्थ एकच आहे.

मग करावे काय? जंगम मालालाही कलम ५५ चे तत्त्व लागू करणारी दुरुस्ती संसदेने करावी, ही आमची मागणी आहे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. इसार घेताना जी पावती लिहिली जाते तिच्यावर किंमत, तारीख आणि नावे यांच्या जोडीला ‘विक्रेत्यास ज्ञात असलेले दोष’ असा एक रकाना घालावा, दोष नसल्यास ‘ठाऊक नाही’ असे लिहावे, आणि दोघांनी सही करावी. याने लिहिलेल्या दोषाबद्दल ग्राहकाचे तोंड बंद होईल, आणि न लिहिलेला दोष विक्रेत्याला ठाऊक होता असे सिद्ध झाल्यास मौनाची पळवाट त्याला उरणार नाही. दोष किमतीत जमेस धरलेला होता, असे ज्याचे खरोखरच म्हणणे आहे, त्याला तो किमतीशेजारी लिहिण्यास हरकत असण्याचे कारण नाही. आणि जो लिहिण्यास कचरतो, त्याची किंमत निर्दोष मालाचीच होती, याचा पुरावा त्याच्या कचरण्यानेच मिळतो.